किलोवॅटगणिक हिशेब

घरावर सोलर बसवायचं म्हटलं की विक्रेता पहिल्यांदा विचारतो, "किती किलोवॅटचं घ्यायचं?" शेजारी तीन किलोवॅट बसवून मोकळा झालेला असतो, सबसिडीही तीनपर्यंतच वाढते, म्हणून आपणही तीन म्हणून टाकतो. माझं मत असं, की या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी द्यावं. त्याआधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं काढावीत आणि दर महिन्याला किती युनिट जळले ते एका कागदावर उतरवून घ्यावं. सोलर परवडणार की नाही, हे पॅनेलच्या गुणवत्तेपेक्षा या कागदावरून जास्त कळतं.

याचं कारण आपल्या दररचनेत आहे. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला सगळे युनिट एका भावाने मिळत नाहीत. २०२५-२६ च्या दरांत वहन आकार धरून पहिले १०० युनिट सुमारे सहा रुपयांना पडतात. १०१ ते ३०० मधले युनिट अकरा रुपयांच्या घरात जातात, ३०० च्या पुढे चौदा आणि ५०० च्या पुढे पंधरा-सोळा रुपये. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभरच्या आतला युनिट आपल्याला सात रुपयांच्या आसपास पडतो आणि दीडशेवा युनिट जवळपास तेरा रुपयांना. इंधन समायोजन आकार त्या त्या महिन्यात जो असेल तो वेगळा.

छतावर तयार झालेली वीज बिलातून वजा होते ती वरच्या टोकाकडून. तीनशे युनिट वापरणाऱ्या घराने शंभर युनिट छतावर तयार केले, तर त्याचे तेरा रुपयांचे शंभर युनिट वाचतात. सात रुपयांचे शंभर तसेच राहतात. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर चालतो, म्हणून प्रत्येक किलोवॅटची कमाई वेगवेगळी असते.

एक उदाहरण सोडवून पाहू. नाशिक किंवा पुण्याजवळचं महावितरणचं घर, वापर महिन्याला सरासरी ३०० युनिट, बिल ३,४०० रुपयांच्या आसपास. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने महिन्याला ११० ते १२० युनिट देतो. सबसिडीला पात्र अशा भारतीय बनावटीच्या पॅनेलचा संच किलोवॅटमागे साधारण ६० ते ७० हजारांना बसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये मिळतात. कमाल ७८ हजार. चौथ्यापासून पुढे काही नाही.

या घराने दोन किलोवॅट बसवले तर सबसिडी वजा जाता खिशातून ७५ हजारांच्या आसपास जातील. पावसाळ्यातली घट धरूनही वर्षाला सुमारे ३२ हजार रुपये वाचतील. अडीच वर्षांत पैसे वसूल. आता तिसरा किलोवॅट. त्याचे वेगळे ४२ हजार मोजावे लागतात आणि तो वर्षाला आठ हजारांच्या आसपासच वाचवतो, कारण महाग युनिट पहिल्या दोघांनी आधीच संपवलेले असतात. त्याच्या वाट्याला सात रुपयांचे युनिट येतात, काही तर नुसते शिल्लक पडतात. तरी पाच-सव्वापाच वर्षांत तोही फिटतो. चौथ्याला सबसिडी नाही, ६० हजार पूर्ण भरायचे, आणि त्याने तयार केलेली बहुतेक वीज वर्षाअखेरीस कवडीमोलाने जाणार. तो फिटायला पंधरा वर्षं लागतील. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये मात्र चारही किलोवॅटची एकच सरासरी असते. म्हणून कोटेशन मागताना दोन, तीन आणि चार किलोवॅटचे आकडे वेगवेगळे मागावेत.

तेच दोन किलोवॅट ९० युनिटवाल्या घरावर बसवले तर ते डोईजड होतात. या घराला एक किलोवॅटही पुरून उरतो. वर्षाला वाचणार सात-साडेसात हजार, खर्च सबसिडीनंतर ४० हजार. साडेपाच वर्षं. ज्याच्या हातात पैसा कमी त्याचीच वसुली सर्वांत उशिरा, हे मला खुपतं. हातावर पोट असलेलं कुटुंब ४० हजार पाच वर्षं अडकवून ठेवू शकत नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप ही योजना आणली ती याच घरांसाठी. तिच्यात एक किलोवॅटची किंमत ५० हजार धरली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे साडेसतरा हजार मिळतात आणि त्याने स्वतः अडीच हजार भरायचे. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या इतरांना राज्याची मदत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना पंधरा हजार. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंना, वॉचमनना ही माहिती आवर्जून सांगावी. अशी सबसिडी मिळते हे अनेकदा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

हे सगळे आकडे महावितरणचे आहेत. मुंबईत अदानी, टाटा किंवा बेस्टचं मीटर असेल तर ज्याचं त्याचं दरपत्रक घेऊन हिशेब नव्याने मांडावा लागतो. गोव्यात घरगुती विजेचे दर महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहेत. तेव्हा पुण्यातल्या भावाचे पैसे अडीच वर्षांत सुटले म्हणून म्हापशातल्या बहिणीचे सुटतील असं नाही. तिला दुपटीहून अधिक वर्षं थांबावं लागेल.

शिल्लक युनिटांचं काय होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. नेट मीटर दोन्ही बाजूंनी मोजतं. दुपारी घरात कोणी नसताना तयार झालेली वीज बाहेर जाते आणि रात्री आपण ती परत घेतो. बिलात आयात युनिट आणि निर्यात युनिट असे दोन आकडे दिसतात, आकार लागतो तो फरकावर. एखाद्या महिन्यात निर्यात जास्त झाली तर ते युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होतात. पण महाराष्ट्रात हे खातं दर ३१ मार्चला बंद होतं. उरलेले युनिट वितरण कंपनी अगदी कमी दराने, साधारण तीन रुपयांच्या आसपास, विकत घेते आणि १ एप्रिलला पाटी कोरी.

आता आपलं हवामान आठवा. ऑक्टोबर ते मार्च आकाश निरभ्र, घरात पंखे-कूलर कमी, म्हणून युनिट साठत जातात. एप्रिल-मे मध्ये एसी दिवसरात्र चालायला लागतो, आणि नेमका तेव्हाच साठा शून्य झालेला असतो. वर्षाची बेरीज करून "वापर ३,६०० युनिट, संच ३,६०० युनिटचा" असं ठरवलं, तर हिवाळ्यातला साठा स्वस्तात जातो आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा रुपयांनी वीज घ्यावी लागते. म्हणून वार्षिक बेरजेपेक्षा संच थोडा लहान ठेवणं शहाणपणाचं. बारा महिन्यांचे आकडे वेगवेगळे लिहायचे ते याचसाठी.

स्थिर आकार कशानेच जात नाही. सिंगल फेजला महिन्याला १३० रुपयांच्या आसपास, थ्री फेजला चारशेच्या वर. तेव्हा "बिल शून्य" या जाहिरातीवर भिस्त ठेवू नये.

आता उन्हाकडे वळू. विदर्भात ऊन रणरणतं, म्हणून तिथे मे महिन्यात सर्वांत जास्त वीज मिळेल असं वाटतं. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता त्याला मारक ठरते. पॅनेलवर छापलेले वॅट हे त्याचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. त्यापुढे प्रत्येक अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. अकोल्यात किंवा चंद्रपूरला मेमधल्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, म्हणजे ४० अंश जास्त, म्हणजे बारा ते सोळा टक्क्यांचा फटका. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधला थंड वाऱ्याचा, लख्ख उजेडाचा दिवस मेइतकाच, कधी त्याहून सरस निघतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नयेत. खालून वारा खेळेल एवढी जागा सोडावी.

पावसाळ्यात उत्पादन निम्म्याच्या जवळ येतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये त्याहूनही खाली. पहिल्या जुलैचं बिल पाहून अनेकांना फसल्यासारखं वाटतं. हा संच वर्षभराच्या हिशेबावर घेतलेला असतो, तो एका महिन्यावरून जोखू नये.

सावली हा मात्र खरा वैरी. एका ओळीतली पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात आणि त्यांच्यातून एकच प्रवाह वाहतो. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली पडली, तर त्या पॅनेलचा काही भाग पूर्णच बाद होतो आणि पूर्ण ओळीचं उत्पादन खाली येतं. सावलीचा अंदाज घेताना बहुतेक पाहण्या उन्हाळ्यात होतात, आणि तिथेच चूक होते. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावली दिवस येतो. सूर्य थेट डोक्यावर, टाकीची सावली टाकीच्या पायाशीच. गच्ची स्वच्छ दिसते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य पुण्यात भर दुपारी जेमतेम ४८ अंश वर चढतो आणि दक्षिणेला कललेला असतो. दोन मीटर उंच टाकीची सावली तेव्हा बाराच्या सुमारासही पावणेदोन मीटर उत्तरेकडे पसरते. सकाळी नवाला आणि दुपारी चारला ती कितीतरी लांब जाते. दक्षिणेला शेजाऱ्याचा मजला, नारळ किंवा जिन्याची खोली असेल तर हिवाळ्यातले, म्हणजे चांगल्या उत्पादनाचे महिने हातचे जातात. शक्य असेल तर डिसेंबरात सकाळ-दुपार-संध्याकाळ गच्चीचे फोटो काढून ठेवावेत. सौदा मेमध्ये करायचा असेल तरी ते फोटो उपयोगी पडतात. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल साधारण आपल्या गावाच्या अक्षांशाइतका, पुण्याला अठरा-एकोणीस अंश, नागपूरला एकवीस. जागा किलोवॅटला शंभर चौरस फूट धरावी.

आणखी एक गैरसमज मला नेहमी भेटतो. लाइट गेली तरी आपल्याकडे सोलर आहे, म्हणून घर चालू राहील. साध्या, ग्रीडला जोडलेल्या संचात असं होत नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, भर दुपारच्या उन्हातसुद्धा. तसा नियमच आहे आणि तो योग्य आहे. बाहेर खांबावर लाइनमन काम करत असतो आणि आपल्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. लाइट नसतानाही सोलर चालायला हवा असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्च दीडपट ते दुप्पट होतो. त्या वाढीव खर्चातून बिल काही कमी होत नाही. शहरात दिवसाकाठी अर्धा तास लाइट जात असेल तर बॅटरीवर लाखभर घालणं मला पटत नाही. दिवे-पंख्यांपुरता जुना इन्व्हर्टर आहे तो राहू द्यावा. गावाकडे चार-चार तास वीज नसते, तिथे गोष्ट निराळी. तिथे बॅटरी घेताना बचतीचा हिशेब मांडूच नये. मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या माणसांचा पंखा, दवाखान्यातून आणलेलं एखादं यंत्र, यांच्यासाठी किती मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं.

पॅनेलच्या आधी घरातल्या पंख्यांकडेही पाहावं. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर बदलल्यावर महिन्याला साठेक युनिट वाचतात, तेही वरच्या टोकाचे, तेरा रुपयांचे. चार पंख्यांचे दहा-बारा हजार सव्वा-दीड वर्षात सुटतात. सोलरपेक्षाही लवकर. आंघोळीला गिझर चालत असेल तर सोलर वॉटर हीटरचाही विचार करावा. वापर असा उतरवून मग संच घेतला तर कदाचित एक किलोवॅट कमीच लागेल.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्चही धरायला हवेत. पॅनेलला पंचवीस वर्षांची उत्पादनाची हमी असते, पण इन्व्हर्टर आठ-दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. तीन किलोवॅटच्या संचाला त्यासाठी पंचवीस ते चाळीस हजार बाजूला ठेवावे. पॅनेलही दरसाल अर्ध्या टक्क्याच्या आसपास मंदावतं. धूळ, कबुतरांची विष्ठा, जवळ बांधकाम असेल तर सिमेंट, यांनी उत्पादन घटतं, म्हणून पंधरवड्यातून एकदा सकाळी लवकर, पॅनेल गार असताना धुवावं. बोअरचं जड पाणी वाळलं की काचेवर पांढरे डाग धरतात, ते सहज निघत नाहीत. योजनेत संच बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. ती लेखी घ्यावी आणि तो पाच वर्षांनंतरही गावात असेल का, हेही बघावं. शंभर किलोमीटरवरच्या स्वस्त विक्रेत्यापेक्षा तालुक्यातला, चार ठिकाणी काम केलेला माणूस मला बरा वाटतो.

सांगाड्यावर पैसे वाचवू नयेत. गच्ची वापरात राहावी म्हणून अनेक जण सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर करतात. उंचीबरोबर वाऱ्याचा जोर वाढतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पत्रे, झाडं, विजेचे खांब कसे गेले ते कोकणवासीयांनी पाहिलं आहे. किनारपट्टीला खारी हवाही असते. तिथे लोखंड चांगलं जस्तलेपित हवं आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. अर्थिंग आणि वीजरोधक स्वतः उभं राहून पाहून घ्यावं.

पैशाचा आणखी एक पैलू. ७५ हजार बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सव्वापाच हजार व्याज येतं आणि त्यावर करही लागू शकतो. तीनशे युनिटवाल्या घरात तेच पैसे वर्षाला ३२ हजार वाचवतात, आणि वाचलेल्या बिलावर कर नसतो. म्हणून अशा घराने कर्ज काढून बसवलं तरी बिघडत नाही. योजनेत बँका लहान संचांना विनातारण, सहा-सात टक्क्यांच्या आसपास कर्ज देतात आणि हप्ता बहुधा बचतीतूनच निघतो. विक्रेता मात्र दरवर्षी वीज पाच टक्क्यांनी महागणार असं धरून पंचवीस वर्षांची बचत दाखवेल. ती पाटी बाजूला ठेवावी. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली आहे, म्हणजे दिवसाची वीज स्वस्त होण्याकडे कल आहे. आजच्या दराने पाच-सहा वर्षांत पैसे फिटत असतील तरच पुढे जावं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा विषय आपला वाटत नाही, कारण गच्ची सामाईक. माझ्या मते सर्वांत फायदेशीर सोलर सोसायटीचाच आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचं सामाईक मीटर घरगुती दरातच येतं, आणि ते एकच मीटर असल्यामुळे त्याचे बहुतेक युनिट ५०० च्या पुढच्या, सर्वांत महाग टप्प्यात पडतात. शुल्क धरून युनिटला अठरा रुपये. महिन्याला १,५०० युनिट जाळणाऱ्या सोसायटीने दहा किलोवॅट बसवले तर महिन्याला वीस हजारांच्या आसपास वाचतात. सामाईक वापरासाठी सोसायट्यांना किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे. खर्च सहा लाख, सबसिडी एक लाख ऐंशी हजार, म्हणजे चार-सव्वाचार लाख, ते दोन वर्षांत परत येतात. तरीही सर्वसाधारण सभेत हा विषय वर्षानुवर्षं "पुढच्या वेळी बघू" म्हणून मागे पडतो. कारण घरच्या बिलाकडे प्रत्येकाचं लक्ष असतं, सामाईक बिल मात्र देखभाल शुल्कात विरून जातं आणि कोणाला टोचत नाही. सचिवांनी सामाईक मीटरची बारा बिलं सभेत वाचून दाखवली तर चर्चा वेगळ्या वळणाने जाईल असं मला वाटतं.

काहींनी मात्र थांबावं. इमारत तीन-चार वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल, छताला गळती असेल आणि वॉटरप्रूफिंग व्हायचं असेल, दक्षिणेला नवा टॉवर उभा राहत असेल, घर विकण्याचा विचार असेल, तर घाई करू नये. गळकी गच्ची आधी दुरुस्त करावी. पॅनेल बसल्यावर ती उकरायला सगळा सांगाडा उतरवावा लागतो.

आणि कागदपत्रं. अर्ज वीजबिलावर ज्याचं नाव आहे त्याच्याच नावाने होतो आणि सबसिडीही त्याच्याच बँक खात्यात जाते. आपल्याकडे असंख्य घरांत मीटर अजून वडिलांच्या, आजोबांच्या नावावर असतं. नावबदलाचा अर्ज आधी करावा, थकबाकी असेल तर भरून टाकावी, मंजूर भार किती आहे तो बिलावर पाहावा. सबसिडी संच सुरू झाल्यावर येते, तेव्हा सुरुवातीची पूर्ण रक्कम किंवा कर्ज हाताशी लागतं. विक्रेता "सबसिडी वजा करून द्या" म्हणत असेल तर ती रक्कम कोणाच्या खात्यात जाणार, हे करारात लिहून घ्यावं आणि मगच आगाऊ रक्कम द्यावी.